बोटीतली माझी जागा

मी, मृणालिनी सुबोध चौबळ, वय चोपन्न, राहणार युट्रेख्ट, अंगातलं बळ सरलं असलं तरी डोकं पूर्ण ताळ्यावर असताना, कोणी न सांगता आणि कोणाला न विचारता, स्वहस्ते लिहून ठेवते की :

१. घर आणि बँकेतली शिल्लक यांची व्यवस्था नोटरीकडे डचमध्ये झालेली आहे. कपडे, दागिने, घरातल्या वस्तू यांचं स्वतः लिहून ठेवलं तरी चालतं, असं नोटरीबाई म्हणाल्या. म्हणून हे मराठीत.

२. माझा मासे पकडायचा, दोन हातांनी फेकायचा लांब रॉड मुलगी जुई हिला द्यावा. ती तो वापरणार नाही. “आई, पकडून सोडूनच द्यायचा, तर व्हाय बॉदर द फिश?” हा तिचा प्रश्न. ठाण्याची माझी आईही तेच विचारायची : “सोडून देता? मग ताटात काय वाढता, फोटो?” सीकेपी घरात याला उत्तर नाही. पण कॅनडातल्या ज्या नदीवर सुबोध आणि मी दरवर्षी जातो, तिथे स्टीलहेड मासा सोडावाच लागतो, आणि तो पाण्यात परत जाताना हाताला जे जाणवतं ते मी दोघींनाही समजावू शकले नाही.

३. गळाला आमिष म्हणून लावायच्या पिसांच्या खोट्या माश्या मी स्वतः बांधल्या आहेत. त्यांत माझ्या लग्नातल्या शालूची जर आहे. सुनीतीने त्यातली एक “आठवण म्हणून” मागितली होती. सगळ्या माझ्याबरोबर जाळाव्यात.

४. सुनीती माझी मैत्रीण. स्लोटरडाइकला नोकरी करते, एकटी राहते, मी आजारी पडल्यापासून दर शनिवारी मुगाचं कढण घेऊन येते. कढण उत्तम असतं. तरी मी तिला पाण्यात पाहते, आणि त्याचं कारण नोंदवून ठेवते. हल्ली सुबोध तिला कालव्याकाठच्या हिरवळीवर रॉड फेकायला शिकवतो. गळाऐवजी दोरीला लोकरीचा गोंडा बांधतात. खिडकीतून दिसतं. तो मागे उभा राहून तिची दोन्ही मनगटं धरतो. मला शिकवताना हा माणूस लांबून ओरडायचा, “अगं, मनगट नको वाकवूस!”

५. डोहात एक पुढे, एक मागे असं उतरतात. एक फेक, एक पाऊल. पुढच्याला कोरं पाणी मिळतं, मागच्याला उष्टं. सुबोध वर्षानुवर्षं पुढे असायचा. शेवटी गाइड डॅरिलनेच त्याला अडवलं : “नो, सुबोध. टुडे शी गोज फर्स्ट.” त्या दिवशी मला मासा लागला, माझ्या हातभर लांब, चांदीसारखा. सुबोधने काढलेल्या फोटोत माझं डोकं नाही. “मासा नीट आलाय ना?” म्हणाला. हा फोटो हार घालायला वापरू नये.

६. आता मुख्य. डॅरिलच्या बोटीत गिऱ्हाइकांसाठी दोनच जागा असतात, आणि सप्टेंबरातला आमचा आठवडा ठरलेला असतो. त्यातली दुसरी जागा माझी आहे. ती मी कोणालाही देत नाही. सुनीतीला तर नाहीच. मी गेल्यावर सुबोधने एकट्याने राहावं असं मला वाटतं का? हो, वाटतं. थंडीत त्याच्या चहाच्या थर्मासचं झाकण दुसऱ्या कोणी उघडून द्यावं, हे मला सहन होत नाही. बोटीतली जागा इस्टेटीत धरत नाहीत, असं सुबोध म्हणेल. म्हणू दे.

७. साक्षीदाराला त्याच मृत्युपत्रातून काही मिळू शकत नाही, हा आपल्याकडचा नियम. इथे तो असो वा नसो, मला लागू. म्हणून पहिली साक्षीदार मी सुनीतीलाच केलं आहे. मजकूर वाचायची गरज नसते, फक्त मला सही करताना पाहायचं, असं तिला सांगितलं आहे. तिला गहिवरून आलं. “एवढा विश्वास टाकलास,” म्हणाली.

हे मी समजून-उमजून लिहिलं आहे. यात पुढे कोणी मायेने किंवा लाजेने फेरफार करू नये.

स्थळ : युट्रेख्ट
दिनांक : ८ ऑक्टोबर २०१६

सही : मृणालिनी सु. चौबळ

साक्षीदार :

१. रविकांत देशमाने, शेजारी

२. सुनीती राजे. पहिलं नाव माझं हवं होतं, पण वाचायला वेळ लागला. सगळं वाचून सही करते आहे. शनिवारी येतेच.