मागच्या खिडकीखालचा खुळखुळाट

मिशिगन, सोमवार, ऑगस्ट १९९९

वडीलधाऱ्या अर्लीनताईस,

आधी तुझ्या दोन्ही गुडघ्यांना नमस्कार, मग तुला. डावा अजून कुरकुरतो का? मी पाठवलेलं मलम लावतेस की नुसतं कपाटात ठेवून पाहुण्यांना दाखवतेस? अर्कान्सात उन्हाळा कसा आहे ते लिहायची गरज नाही, मला आठवतो. तुमच्या चर्चचं छप्पर झालं का? (नवीन पाळक फार लांब प्रार्थना करतो असं तू लिहिलं होतंस. त्याला घड्याळ भेट द्या.) माझी तब्येत चांगली आहे. बीपी वाढलं होतं, पण ते शुक्रवारी वाढलं होतं आणि शुक्रवारची गोष्ट सांगायलाच बसले आहे. माझं शिक्षण चौथीपर्यंतचं, तेव्हा अक्षराला हसू नकोस. तू सहावीपर्यंत गेलीस म्हणून काही मोठी मास्तरीण नाहीस.

तर माझ्या रूफसची गाडी. विसरली नसशीलच. सत्तर सालची, गर्द हिरवी, दोन दारांची, समोर बैलासारखी रुंद आणि आवाजही बैलाचाच. हल्लीची पोरं त्यांना मसल कार म्हणतात आणि टोपी काढून बघतात. तेव्हा आम्ही नुसतं गाडी म्हणायचो आणि शेजारी खिडक्या लावून घ्यायचे. रूफस गेल्यापासून चौदा वर्षं ती माझ्या गॅरेजात ताडपत्रीखाली होती. मी तिच्यावर बटाटे ठेवायची.

आमच्या लमॉन्टला बापाची गाडी पुन्हा चालती करायची होती हे तो चौदा वर्षं म्हणत होता. या जूनमध्ये खरंच हात घातला, आणि त्यामागचं कारण गाडी नव्हतंच, ताई. कारण टमिका, त्याची पोरगी. बायको सोडून गेली तेव्हा पोरगी बारा वर्षांची होती, आई घेऊन गेली अटलांटाला. चार वर्षांत बापलेकीत जे काही बोलणं झालं ते वाढदिवसाचं, फोनवर, तेही हवामानावर. मग यानं तिला पत्र लिहिलं, म्हणे, आजोबांची गाडी आपण दोघांनी करू, येतेस का. ती आली. पण सोळा वर्षांची पोरगी, फुकट कशाला येईल? अट घालूनच आली. ऑगस्टात गावातून जुन्या गाड्यांची मिरवणूक निघते, तोपर्यंत राहीन. तोवर तुझं माझं जमलं, तर शाळेचं शेवटचं वर्ष इथे करीन. नाही जमलं तर परत. परतीचं बसचं तिकीट तिनं आल्या आल्या माझ्या फ्रिजवर चुंबकाखाली लावलं, मक्याच्या कणसाच्या आकाराचा चुंबक आहे ना, त्याखाली. दोन महिने मी दूध काढायला फ्रिज उघडला की ते तिकीट माझ्याकडे बघायचं.

आणि बापाला ती लमॉन्ट म्हणायची. नावानं! आपण आपल्या बापाला नावानं हाक मारली असती तर आज हे पत्र लिहायला हात उरला असता का?

पण कामाला पोरगी वाघीण. गंज खरवडला, खड्ड्यांत लांबी भरली, पॉलिश पेपर घासून घासून बोटांचे ठसे गेले. कार्ब्युरेटर माझ्या भांड्यांच्या सिंकमध्ये धुतला (तीन दिवस चहाला पेट्रोलचा वास). कुठल्याशा झाकणांवर काळा रंग पक्का करायचा म्हणून ती झाकणं माझ्या ओव्हनमध्ये भाजली, आणि त्याच ओव्हनमध्ये मी रविवारी पीचचा गोड कॉबलर केला. आमच्या पाळकांनी दोन घास खाल्ले आणि फोटोला बसल्यासारखं हसून ताटली खाली ठेवली. मला काही वाटलं नाही. कारण गॅरेजमधून आवाज यायचे. 'तेरा नंबरचा पाना दे.' 'हा घे.' 'हा बारा आहे.' 'मग डोळे तपासून घे, लमॉन्ट.' आणि मग दोघं हसायचे. ताई, तो हसण्याचा आवाज ऐकायला मी उगाच कपडे वाळत घालायला बाहेर जायची. एकदा तर वाळलेलेच परत वाळत घातले.

मंगळवारी गाडी सुरू झाली. गल्लीतली कुत्री पळाली. लमॉन्टनं पोरीला शेजारी बसवून एक फेरी मारली आणि परत आला तो तोंड पाडूनच. म्हणाला, मागून खुळखुळ येतेय.

माझ्या हातातली बशी फुटली.

आता तुला जे सांगते ते या शुक्रवारपर्यंत एकोणतीस वर्षांत कुणाला सांगितलं नव्हतं. सत्तर सालचा उन्हाळा आठव. तू नवऱ्याशी भांडून पाच महिने माझ्याकडे आली होतीस आणि मी तुला कारखान्यात चिकटवलं होतं. आपण दोघी समोरासमोर, मी गाडीच्या डाव्या बाजूला, तू उजव्या, मधून गाड्या सरकायच्या आणि आपण मागच्या खिडकीखालचं अस्तर बसवायचो. मुकादम प्लिम्प्टन आठवतो? एके दिवशी त्यानं आपल्याला लघवीला जायला सुट्टी दिली नाही. सगळ्यांसमोर म्हणाला, बायकांना कामावर घेतलं की नळ गळायचेच. तू मान खाली घालून स्तोत्र पुटपुटत राहिलीस. तू पहिल्यापासून देवमाणूस. मी नाही. तेवढ्यात समोर आली ती हिरवी, सगळ्या नखऱ्यांची, आपल्यासारख्यानं स्वप्नातही बघू नये अशी. माझं डोकं फिरलं. सोड्याची रिकामी बाटली घेतली, आत दोन नट टाकले, एक चिठ्ठी टाकली, 'सापडली ना शेवटी, ढेरपोट्या शेठ?', आणि तारेनं पत्र्याच्या आत टांगून वरून अस्तर स्क्रूनं आवळून टाकलं. असं सगळेच करायचे. कुणी सँडविच सोडायचे.

तीन आठवड्यांनी माझा नवरा हॉर्न वाजवत तीच गाडी घरी घेऊन आला.

रूफस त्याच कारखान्यात शेवटच्या टोकाला तपासनीस होता हे तुला माहीतच आहे. त्याच्या हातून पास झाल्याशिवाय गाडी दाराबाहेर पडत नसे, आणि पास झाली की तो पिवळ्या खडूनं पत्र्यावरून अस्तरापर्यंत एक तिरकी रेघ ओढायचा. ही गाडी त्यानंच पास केली होती. म्हणून तर घेतली, म्हणे हिच्यात खोट निघायची नाही, मी बघितलीय. पहिल्याच फेरीला मागे बसून मी ऐकलं. खुळुक. खुळुक. चाळीसच्या खाली खुळखुळ, चाळीसच्या वर गप्प. सांगणार कसं? आधी नोकरी जाईल म्हणून गप्प बसले, मग त्याचा अभिमान जाईल म्हणून. आणि मग इतकी वर्षं झाली की गप्प बसणं हेच माझं काम झालं. पंधरा वर्षं दर रविवारी तो माणूस त्या गाडीखाली झोपला. स्प्रिंगा बदलल्या, सायलेन्सर बदलला, पाळकाकडून आशीर्वादाचं तेलही लावून घेतलं. खुळुक.

तर मंगळवारची फेरी झाली आणि लमॉन्ट म्हणाला, मागच्या स्प्रिंगा टमिकानं बसवल्या, नट ढिला राहिलाय. टमिका म्हणाली, मी नट दोनदा आवळलेत, तुझ्या सायलेन्सरचा पट्टा बघ. बुधवारी दोघांनी एकमेकांचं काम उघडून बघितलं. दुसऱ्याच्या कामात खोट शोधायची म्हणजे कशी नजर लागते, तुला माहीत आहे, तू सून आहेस. गुरुवारी बोलणं बंद. जेवायला बसले की, 'आजी, त्याला मीठ द्यायला सांग.' मी मीठ देत होते आणि आतून माझा जीव खुळखुळत होता.

शुक्रवारी दुपारी ती म्हणाली, एकच जागा राहिलीय, डावीकडच्या खिडकीखालचं अस्तर उघडू. लमॉन्ट आडवा उभा राहिला. तिथे रूफसची खडूची रेघ आहे ना. रूफसच्या हातचं घरात तेवढंच उरलंय, फोटोसुद्धा सगळे हललेले. म्हणाला, माझ्या बापानं हे पास केलंय, याला कुणी हात लावायचा नाही. पोरगी म्हणाली, 'म्हणजे चूक माझीच असली पाहिजे. मेलेला माणूस चुकत नाही, तू चुकत नाहीस, उरले कोण?' तो म्हणाला, 'आईवर गेलीयस.' ताई, हे एक वाक्य त्यानं चार वर्षं गिळून ठेवलं होतं आणि बाहेर काढायला हीच वेळ मिळाली.

ती आत आली. मी कोबीची पानं निवडत होते. माझ्यासमोर फ्रिजवरून तिनं तिकीट काढलं. चुंबक खाली पडला, तो उचलून तिनं परत नीट लावला, नुसताच. ते बघून मला रडू आलं. मग वर जाऊन बॅग भरायला लागली. वरचे खण उघडायचा आवाज, इकडे गॅरेजमध्ये लमॉन्ट एकटाच पाना आपटतोय, आणि मध्ये मी, हातात कोबी. बीपी वाढलं ते इथे.

मी जिन्याखाली उभी राहून ओरडले, टमिका, खाली ये, आणि स्क्रूड्रायव्हर घेऊन ये. मग गॅरेजात गेले आणि सरळ मागच्या सीटवर जाऊन बसले. म्हटलं, लमॉन्ट, त्या अस्तराखाली सोड्याची बाटली आहे. ती मी टांगलीय. तुझ्या बापाला माहीत नव्हतं. आता काय ओरडायचं ते मला ओरड, पोरीला नको.

तो ओरडला नाही. ते जास्त वाईट. पाना खाली ठेवला आणि म्हणाला, 'आई, मी दहा वर्षं दर रविवारी त्यांच्यासाठी दिवा धरला. दहा वर्षं. आणि तू आत कॉबलर करत होतीस?'

टमिका दारात उभी, खांद्याला बॅग. आत आली, बॅग न उतरवता वाकली, दिवा त्या रेघेजवळ नेला. मग म्हणाली, 'ही रेघ दोनदा ओढलीय. पत्र्यावरचा खडू वेगळा, अस्तरावरचा वेगळा. लमॉन्ट, हे कुणीतरी आधी उघडलंय.'

लमॉन्टनं वाकून बघितलं. मग तिच्या हातून दिवा घेतला आणि धरला. तिनं स्क्रू काढले. सहा स्क्रू, ताई, आणि प्रत्येक स्क्रूला मी एकेक वर्षानं म्हातारी झाले. अस्तर सुटलं, तिनं हात घातला आणि तारेसकट बाटली बाहेर आली, आत दोन नट, खुळुक. चिठ्ठी काढली. एका बाजूला माझं अक्षर, शेठमधला ठ उलटा. तिनं ती पालटली. मागे शिसपेन्सिलीनं रूफसचं अक्षर. तिनं मोठ्यानं वाचलं, मी जसंच्या तसं लिहिते:

'सापडली. अक्षर घरचंच आहे. बोलणार नाही. पोरगं अकरा वर्षांचं आहे, रविवारी दुसरीकडे कुठे जात नाही, माझ्यासाठी दिवा धरतं. परत टांगतोय. रूफस, जून १९७४.'

म्हणजे त्यानंतर अकरा वर्षं तो माणूस, जे सापडलं होतं तेच शोधत गाडीखाली झोपला. आणि दर रविवारी आत येऊन माझ्याकडे बघून म्हणायचा, व्हर्डेल, अजून काही सापडत नाही बुवा. आणि मी म्हणायचे, अरेरे. ताई, दोघांत मोठा लबाड कोण ते तूच ठरव.

लमॉन्ट गाडीच्या दाराच्या उंबऱ्यावर बसला. दिवा अजून हातात, पेटलेला, जमिनीकडे. खांदे हलत होते. टमिकानं बॅग खाली ठेवली आणि त्याच्या शेजारी बसली. मी मागच्या सीटवरून उतरायला बघत होते, पण दोन दारांच्या गाडीतून या वयात कुणी ओढल्याशिवाय उतरता येत नाही, तेव्हा मीही तिथेच बसले. कोबी करपला.

शनिवारी मिरवणुकीत गेलो. मी मागे, निळी टोपी घालून, राणीसारखी. लोकांनी टाळ्या वाजवल्या. बाटली आता माझ्या स्वयंपाकघराच्या खिडकीत आहे, तिच्यात मी एक झेंडूचं फूल ठेवलंय. बाकी सगळे खुशाल. तुमच्या पाळकाला घड्याळाचं विसरू नका.

तुझी धाकटी,
व्हर्डेल

ता. क. मुख्य काम राहिलंच. मिरवणुकीत गाडी हळू चालते. पहिल्या चौकातच ऐकू आलं. खुळुक. बाटली खिडकीत आणि गाडीत खुळुक! या वेळी उजवीकडून. ताई, उजवी बाजू तुझी होती. तू स्तोत्र पुटपुटत होतीस असं मी एकोणतीस वर्षं लोकांना सांगत आलेय. खरं काय ते लिही. काय टाकलंस, आणि कुठे?

दुसरा ता. क. पाकीट चिकटवणार तेवढ्यात टमिका आत आली. म्हणाली, आजी, उजवीकडचा आवाज सापडल्याशिवाय मी काही अटलांटाला जायची नाही, शाळेत नाव घालायला उद्या जाऊ. तिकीट तिनं चुंबकाखाली परत लावलं नाही. दूध उतू गेलं होतं ते त्या तिकिटानंच पुसलं. तेव्हा वरचा ता. क. खोडला असं समज. काही लिहू नकोस. लमॉन्टचा फोन आला तर तुला काही आठवत नाही. फारच खोदून विचारलं तर सांग, इंजिन बघा. देवमाणसाच्या तोंडून एवढं खोटं चालतं, मी आमच्या पाळकाला विचारून घेईन. आत्ता हे लिहितेय तर गॅरेजमधून आवाज येतोय, 'पप्पा, दिवा नीट धरा ना!'