मेहरुनबीचा तिरपा टाईप

मी मेहरुनबी, मयत हाफिज मिस्त्री यांची बायको, राहणार खणभाग, सांगली. अंगात ताप असतो, पण डोकं ताळ्यावर आहे. कोणाच्या शिकवण्यावरून किंवा धाकाने नव्हे, तर राजीखुशीने, माझ्या माघारी चीजवस्तूचं काय करायचं ते लिहून ठेवते.

१. राहतं घर शरियतप्रमाणे माझा भाऊ रमजान याला जाईल. माझी हरकत नाही, आणि असून उपयोगही नाही. मालमत्तेच्या ज्या एक तृतीयांश हिश्श्यावर माझी मर्जी चालते, त्यात मी माझा टाईप आणि हत्यारं धरली आहेत.

२. टाईपाबद्दल. भिंतीवरच्या जाहिरातींसाठी लाकडी अक्षरं कोरणं हा माझ्या नवऱ्याचा धंदा. ते गेल्यावर पटाशी मी हातात घेतली. त्यांच्या अक्षरांतल्या बारीक रेघा लांबून दिसेनाशा व्हायच्या. मी सगळी रेघ एकाच जाडीची केली, टोकांची वळणं उडवली, शिरोरेघ आडवी ठेवून दांडे उजवीकडे कलते केले. आमची अक्षरं घेणाऱ्या छापखान्याचे मालक जोतीरामशेठ म्हणाले, अक्षर पडतंय. मी म्हटलं, "पडत न्हाई मालक, पळतंय." पुढे कुस्तीची मैदानं, नाटकं, गुळाची पेढी, सगळ्यांना हाच टाईप हवासा झाला. चालत्या मोटारीतूनही तो वाचता येई.

त्रेचाळीस साली कोरेगावच्या बाजारात सरकारविरुद्ध पत्रकं लागली, तीही याच टाईपात. त्याचा एक संच मीच चळवळीतल्या, कोरेगावच्या विजयमाला जाधव हिला दिला होता. आता सांगायला भीती कोणाची? सातारचे इंग्रजी पोलीस सांगली संस्थानची परवानगी काढून छापखान्यात आले, तेव्हा जोतीरामशेठांनी माझ्याकडे बोट दाखवलं. रमजान हात जोडून म्हणाला, टाईप चोरीला गेला असं सांग. फौजदारासमोर मी म्हटलं, "अक्षर माझं हाय. छापलं कुणी, ते सांगायची न्हाई."

त्यांनी माझ्या अंगणात, माझ्यादेखत सगळी अक्षरं जाळली आणि मला तुरुंगात नेलं. सुटून आले तर दारात विजयमालाची बैलगाडी उभी. गाडीत तिच्या बांधावरच्या शिसवीचे ओंडके. तुरुंगात न आलेलं रडू मला तेव्हा आलं. दुसऱ्या दिवशी 'अ' कोरायला घेतला.

म्हणून नवा टाईप सगळा विजयमालाचा. मागेल त्याला तिने तो वापरायला द्यावा, तिच्या विरोधात छापणाऱ्यालासुद्धा. जोतीरामशेठांना मात्र देऊ नये. हल्ली ते चारचौघांत मला 'आमच्या मेहरुनबी' म्हणतात. त्याने माझं मत बदललेलं नाही.

३. पटाश्या, कानशी आणि हातोडी माझी भाची साबेरा हिला. तिचा बाप रमजान म्हणतो, मुलीच्या हातात लोखंड शोभत नाही. त्याने घर घ्यावं आणि गप्प बसावं. साबेराने माझी अक्षरं गिरवत बसू नये, स्वतःची कोरावीत. माझ्याहून तिरपी झाली तरी चालतील.

वरचा मजकूर मला कोणी वाचून दाखवलेला नाही. तो मीच लिहिला आहे.

सांगली, ता. १४ सप्टेंबर १९४७
सही: मेहरुनबी हाफिज मिस्त्री

साक्षीदार:
अर्जुना बाळा माळी, बाईंडर, सांगली
चंद्राबाई कोंडीबा शिंदे, कोरेगाव