पत्राच्या कोपऱ्यातला पत्ता

सौभाग्यवतीस, लांबून आशीर्वाद.

आपला लेक चौथीत कविता म्हणताना पाटीवर पेन्सिलीने ताल धरायचा. ती टकटक आज सकाळपासून कानात आहे. ऑपरेशन झालेल्या डोळ्याची पट्टी निघाली, इथे लेकाच्या घरी आराम चाललाय, काळजी करू नकोस. तुझे गुडघे काय म्हणतात?

गेल्या आठवड्यात मंत्री भाषणात म्हणाले, पुरुषावर प्रेम करणारा पुरुष म्हणजे समाजाला लागलेली कीड. ते ऐकून लेक आणि त्याचा जोडीदार भरल्या ताटावरून उठले. मला राहवेना. 'ही दोन्ही माझी मुलं आहेत,' असं मी वर्तमानपत्राला लिहिलं. कोपऱ्यात पूर्ण पत्ता घालावा, हे जन्मभर पोरांना शिकवलं, तसा इथला घातला. त्यांनी पत्त्यासकट छापलं!

घरमालक म्हणाला, दोघांतला एकच राहील. "बाबा, मनाला लावून घेऊ नका," म्हणून जोडीदार काल बॅग उचलून गेला. कुठे, ते सांगितलं नाही. लेक माझ्याशी गोड बोलतो, पण जेवत नाही.

थांब, बेल वाजली.

अगं, दारात जोडीदाराचे वडील आहेत. नऊ वर्षं मुलाशी अबोला होता त्यांचा. हातात माझ्या पत्राचं कात्रण, पत्त्याखाली रेघ ओढलेली.

विचारतात, "मास्तर, आमचा मुलगा आहे का घरात?"

तुझाच,
मास्तर