एकवीस नंबरचं वळण

२ सप्टेंबर, मंगळवार

मिसेस क्रॅबट्रींचा फोन – इतिहास मंडळाच्या चिटणीस. आधी टोमॅटो कसे आहेत ते विचारलं, मग मी कसा आहे ते. या क्रमाबद्दल त्यांचे आभार.

काम असं – मार्केट स्ट्रीटवर एकवीस नंबरच्या भिंतीवर गोल निळी पाटी बसवायची आहे. रस्ता तिथे का वळला, एवढंच तिच्यावर लिहायचं. मजकूर पंचवीस तारखेच्या सभेत ठरणार. माझ्या बायकोची, बेरिलची बाजू मांडायला कोणी नसेल तर लायनेल हॅसलचंच म्हणणं पाटीवर जाईल, असं त्या फार हळुवारपणे म्हणाल्या.

दीडशे वर्षांपूर्वी सुधारणा मंडळाने खाटकांच्या गल्ल्या पाडल्या आणि स्टेशनपासून टाउन हॉलपर्यंत दोरी धरून रस्ता काढला. फक्त एकवीस नंबरपाशी त्याला कोपर फुटलं. बेरिल म्हणायची, तिथे पाण्याचा पंप होता आणि बायका तो हलवू देईनात. लायनेल म्हणतो, तिथे दारूचा गुत्ता होता आणि मालक मंडळातल्या एकाचा मेहुणा. दर मंगळवारी चार वाजता तो आमच्याकडे यायचा आणि स्वयंपाकघरात दोघं यावरून भांडायची. मी काचघरात, टोमॅटोंपाशी. दार लावलं तरी ऐकू यायचं.

मे महिन्यात बेरिल गेली. दफनाच्या दिवशी लायनेलने माझा हात हातात घेतला, तेव्हापासून तो आलेला नाही. मंगळवारचे चार आता फार शांत वाजतात.

मिसेस क्रॅबट्रींना मी म्हणालो, मी मांडतो. फोन ठेवल्यावर कळलं, काय बोलून बसलो! जन्मभर औषधं मोजून दिली. कुणाशी वाद घालायची वेळच आली नाही.

४ सप्टेंबर

तिची खोकी उघडली. पंप, पंप आणि पंप. पंपाचे फोटो – तेही दुसऱ्याच गावांतल्या पंपांचे. ब्रायटनच्या सहलीत तिने मला एका पंपाशेजारी उभं केलं होतं, तोही निघाला. पाठीमागे तिच्या अक्षरात – "विल्फ्रेड (डावीकडे)."

तळाशी लाल नेलपॉलिशची बाटली. तिने आयुष्यात नखं रंगवली नव्हती. फक्त मागच्या ऑक्टोबरात, हॉस्पिटलने तिच्या तपासण्यांचा निकाल सांगितला त्याच आठवड्यात, दहाही बोटं लालभडक करून आली. मी काही विचारलं नाही. त्या आठवड्यात तिने पुढचं दार लाल केलं असतं तरी विचारलं नसतं.

बाटली परत ठेवली.

८ सप्टेंबर

वाचनालयात सकाळ गेली. जुनी वर्तमानपत्रं यंत्राच्या पडद्यावर बघायची असतात. हँडल जरा जोरात फिरवलं की दोन वर्षं सर्रकन निघून जातात. मला हे यंत्र आवडलं.

काम थोडं, जाहिरातीच जास्त वाचल्या. एकाच गोळीने संधिवात, टक्कल आणि उदासपणा – तिन्ही बरे! मी पस्तीस वर्षं दुकान चालवलं, कुणी मला ती गोळी आणून दिली नाही.

९ सप्टेंबर, मंगळवार

पंप सापडला. मासळी बाजाराच्या कोपऱ्यावर – रस्त्याच्या पार दुसऱ्या टोकाला! तो हलवला तेव्हा बायकांनी काही केलं नाही. एकीने फक्त सभापतीच्या टोपीत मासा टाकला, असं बातमीत आहे.

म्हणजे बेरिल चुकली. मी पडदा बंद करून बसून राहिलो. तिथल्या बाईंनी विचारलं, बरं वाटत नाहीये का? मी म्हणालो, मासा वाईट निघाला.

१० सप्टेंबर

भाजीवाल्याकडे लायनेल भेटला. तीच तपकिरी टोपी. वाळला आहे.

"पंप सापडला का?" त्याने विचारलं.

"शोधतोय."

"शोध, शोध. मिळाला तर मला एक ग्लास पाणी पाठव."

एवढं बोलून कोबी घेऊन गेला. घरी येईपर्यंत तीन झकास उत्तरं सुचली. त्यांतलं एकही इथे लिहिण्यासारखं नाही.

१२ सप्टेंबर

रागाच्या भरात गुत्त्याच्या मागे लागलो. गुत्ता रस्त्यानंतर दहा वर्षांनी उघडला! लायनेलही चूक! वाचनालयातून घरी चालत नाही, जवळजवळ उड्या मारत आलो. दार उघडून "बेरिल, ऐक –" एवढं म्हणून झालं होतं.

मग कोट काढला.

१६ सप्टेंबर, मंगळवार

आज टोमॅटो तोडताना डोकं काचघराच्या दांडीवर आपटलं आणि सगळं आठवलं!

लहानपणी मी चर्चच्या गायकवृंदात होतो. मे महिन्यातल्या एका ठरलेल्या गुरुवारी पाद्रीबुवा आम्हा पोरांना घेऊन आमच्या पॅरिशची, म्हणजे चर्चच्या इलाख्याची, हद्द फिरायचे. हद्द म्हणजे आमच्या सेंट अ‍ॅनची हद्द, पलीकडे सेंट मार्क. प्रत्येकाच्या हातात हिरवी छडी. हद्दीचा दगड आला की त्याला छड्या मारायच्या. आणि सगळ्यांत धाकट्याला पाय धरून उलटा करायचा आणि त्याचं डोकं दगडावर हलकेच आपटायचं – म्हातारपणीसुद्धा त्याला हद्द आठवावी म्हणून. दोन वर्षं धाकटा मीच होतो. हलकेच म्हणे!

मार्केट स्ट्रीटवर आम्ही सगळे एका बेकरीच्या पुढच्या दाराने आत शिरायचो, भट्टीशेजारच्या दगडावर माझं डोकं आपटून व्हायचं आणि मागच्या खिडकीतून बाहेर पडायचो. खिडकीत बेकरीवाली प्रत्येकाला मनुकांचा बन द्यायची. ही बनची गोष्ट मी बेरिलला दर वर्षी सांगायचो. ती दर वर्षी ऐकायची. बेकरीतून का जायचं, हे मी कधी विचारलंच नाही. बन मिळत होता ना.

बेकरी एकवीस नंबरला होती.

हद्द घरातून जाते. अर्धं घर एका पॅरिशचं, अर्धं दुसऱ्याचं. ते पाडायचं तर नुकसानभरपाई कोणी द्यायची? दोन्ही चर्चांनी एकमेकांकडे बोट दाखवलं असणार आणि मंडळाने कंटाळून रस्ताच वळवला असणार. पंप नाही, गुत्ता नाही – दोन पाद्री!

दगड बघायला हवा.

१७ सप्टेंबर

एकवीस नंबरला आता नखं रंगवायचं दुकान आहे. मालकीण थुई नावाची, व्हिएतनामकडची. मी म्हणालो, मागच्या खोलीतला दगड बघायचाय. तिने माझ्याकडे पाहिलं आणि कात्री खाली ठेवली.

"तुम्हीसुद्धा, काका?"

मागच्या वर्षी ऑक्टोबरात, दुकान नुकतं उघडलं होतं तेव्हा, असेच दोघं आले होते म्हणे. हिरव्या कोटातल्या बाई आणि तपकिरी टोपीवाला लांबलचक माणूस. दोघं बेसिनखाली पालथे पडले, टॉर्च लावला आणि मग इतके हसले की गिऱ्हाइकं बघायला मागे आली. टोपीवाल्याला तर उठताच येईना. बाईंनी थुईला बजावलं, कुणाला सांगायचं नाही. आणि एवढा वेळ खाल्ला म्हणून नखं रंगवून घेतली. लाल.

"नवीन आयुष्य सुरू करायचंय का, असं मी गमतीत विचारलं," थुई म्हणाली. "त्या म्हणाल्या, आहे तेवढं पुरवायचंय."

मीही पालथा पडलो. दगड आहे. एका बाजूला 'अ‍ॅ', दुसऱ्या बाजूला 'मा'. डोकं टेकवून पाहिलं. थंडगार.

तो निकालाचा आठवडा. मी घरी बसून तिची वाट बघत होतो, आणि ती इथे लायनेलबरोबर हसत होती. मला सांगितलं नाही.

रात्रीचं जेवण केलं नाही.

१९ सप्टेंबर

लायनेलच्या घरी गेलो. आयुष्यात पहिल्यांदा. त्याची एडना जाऊन बरीच वर्षं झाली, पण तिची छत्री अजून दाराशी आहे.

मी उभ्यानेच विचारलं, "तुम्हा दोघांना माहीत होतं?"

त्याने खुर्ची पुढे ओढली. मग म्हणाला, "बस. तुझ्या त्या बनच्या गोष्टीवरूनच तिला सुचलं. ती म्हणाली, विल्फ्रेड इतकी वर्षं उत्तर सांगतोय आणि आपण बनच ऐकत बसलोय."

"मग जाहीर का नाही केलं?"

"जाहीर केलं असतं तर मंगळवारी काय करायचं होतं?"

त्याने चहा केला. फार वाईट चहा. मी सगळा प्यायलो.

परत येताना कळलं – तिने हे लायनेलसाठी केलं. एकटा आहे बिचारा. बेरिलसारखंच आहे हे. तरी थोडं लागलंच.

२५ सप्टेंबर

सभा. अकरा माणसं, आणि बिस्किटं मात्र पन्नासांची.

मिसेस क्रॅबट्रींनी माझं नाव घेतलं. खिशात दगडाचा फोटो होता – थुईने काढून दिलेला. तो दाखवला की संपलं. पाटीवर दोन पॅरिश, बेरिलचं नाव, माझंही कदाचित. लायनेल पुढच्या रांगेत, टोपी मांडीवर. माझ्याकडे बघत नव्हता.

मी उभा राहिलो.

म्हणालो, "तिथे पाण्याचा पंप होता. माझी बायको म्हणायची आणि मी तिच्याशी सहमत आहे."

आणि बसलो. फोटो खिशातच!

लायनेल इतक्या जोरात उठला की खुर्ची पडली. गुत्ता, मेहुणा, लाच – वीस मिनिटं बोलला. गालांवर रंग आला होता. मी परत उठून पंपाच्या दांड्याविषयी काहीतरी सांगितलं. काय, ते आठवत नाही. पंपाच्या दांड्याविषयी मला काहीच माहिती नाही. मिसेस क्रॅबट्री कपाळ धरून म्हणाल्या, पाटीचं आपण वसंतात बघू.

३० सप्टेंबर, मंगळवार

चार वाजता बेल. लायनेल. साडेसहापर्यंत भांडलो, टोमॅटोंना पाणी घालायचं राहिलं. मनुकांचे बन आणले होते त्याने.

निघताना तो दारात टोपी घालत होता, तेव्हा मी म्हणालो, तुझे मंगळवार तिने सांभाळले, बरं झालं. त्याने टोपी परत काढली.

"माझे? अरे, मी तर ऑक्टोबरातच इतिहास मंडळाला लिहायला निघालो होतो. तिने थांबवलं. म्हणाली, मी गेल्यावर विल्फ्रेड आपण होऊन येईल विचारत, तोवर त्याच्याकडे जाऊ नकोस. आणि आला की काहीही होवो, त्याचं म्हणणं कबूल करू नकोस."