कापलेली सव्वाचार मिनिटं

३ मार्च, सोमवार

जेवणाच्या सुट्टीपर्यंत सहा हरणं मेली. नंतर एक झेब्रा. एकूण दिवस बरा गेला.

मॅडमचा नवा तक्ता आलाय. प्राण्यांचा माहितीपट मुलांच्या ॲपवर टाकायचा की नाही, हे आता पाच रकान्यांत ठरणार — रक्त, पाठलाग, मृत्यू, मीलन, किडे. किड्यांना स्वतंत्र रकाना! कुणा आईची तक्रार आली म्हणे, झुरळ पाहून मुलगा दोन दिवस जेवला नाही. झेब्र्याच्या आतड्यांबद्दल अजून कुणी काही कळवलेलं नाही.

मी बघायचं आणि वेळ टिपायची. शेजारच्या टेबलावरच्या कात्रीवाल्याने तेवढा तुकडा उडवायचा. सिंहीण धावते — तुकडा गायब — सिंहीण झोपते. पोरांना वाटत असेल, बिचारी व्यायाम करून दमली. मीलनाचं तर विचारूच नका. आमच्या ॲपवर कासवांना पिल्लं होतात ती आपोआप.

घरी आलो तर चिमणी दारातच. "बाबा, आजी कधी येणार?" म्हटलं, आत्याकडे गेलीय ना, हवापालटाला. येईल.

आईला दवाखान्यात ठेवून आज बारा दिवस झाले. सात वर्षांच्या पोरीला त्या नळ्या दाखवायच्या? पाचही रकान्यांत नापास!

४ मार्च, मंगळवार

चिमणीने परस्पर आत्याला फोन लावला. "आजीला दे." ताई गडबडली, म्हणाली, आजी आंघोळीला गेलीय. तासाभराने पुन्हा फोन. अजून आंघोळच! माझी सख्खी बहीण, पण थाप मारायची अक्कल काडीची नाही. ती सगळी माझ्याच वाट्याला आली.

ही म्हणाली, "उद्या घेऊन जा पोरीला. आई रोज विचारतात."

मी म्हटलं, लहान मुलांना आत सोडत नाहीत.

"मी सिस्टरना विचारलंय. दहा मिनिटं सोडतात. नियम त्यांचा नाही, तुमचा आहे."



६ मार्च, गुरुवार

आज हत्ती. मोठा दुष्काळ, कळप पाण्याच्या शोधात. कळपाची म्हातारी चालता चालता गुडघ्यांवर बसते, ती उठतच नाही. मग तिच्या लेकी, नाती सगळ्या थांबतात. तीन दिवस! पाणी नाही, चारा नाही, तरी हलत नाहीत. सोंडेने तिचं तोंड चाचपतात. पिल्लू तिच्या सावलीत उभं राहतं. ती गेल्यावरसुद्धा थांबतात, आणि मग एकेक करून निघतात.

२३:४० ते २७:५५. मृत्यू. टिपलं.

कात्रीवाला म्हणाला, "साहेब, हे काढलं तर उरतं काय?"

"चालणं उरतं. चालणं आरोग्याला चांगलं."

शेरा — सर्व वयांसाठी योग्य. मॅडम खूश. "तुमचा हात हलका आहे," म्हणाल्या. मीही फुगलो.

७ मार्च, शुक्रवार

दवाखान्यात गेलो तर आई झोपलेली. सिस्टर म्हणाली, आता जास्त वेळ झोपतीलच. तासभर तिच्या चष्म्याची काच पुसत बसलो.

९ मार्च, रविवार

लोका सांगे ब्रह्मज्ञान! जगाच्या मुलांसाठी योग्य-अयोग्य ठरवणारा मी, स्वतःची मुलगी काय बघतेय ते बघितलं नाही. कर्मचाऱ्यांना ॲप फुकट, आणि फुकटचं ते पौष्टिक. चिमणी सकाळी हत्तींचा पट बघून बसली. माझ्या शेऱ्यासकट, माझ्या कापाकापीसकट.

मग जेवली नाही. किडे नव्हते तरी.

"बाबा, ती म्हातारी हत्तीण खाली बसली. आणि बाकीचे सगळे निघून गेले."

"हो का."

"टाकून गेले तिला. एकानेसुद्धा मागे वळून पाहिलं नाही. तिने काही केलं होतं का?"

मी म्हटलं, नाही गं.

तिने ताट बाजूला सारलं. मग म्हणाली, "आणि आजीने काही केलं होतं का?"

ही स्वयंपाकघरातून बाहेर आली, माझ्याकडे बघितलं आणि परत आत गेली. बोलली असती तर बरं झालं असतं. लाज वाटली. मृत्यू काढायला गेलो आणि त्या जागी त्याहून वाईट काहीतरी घालून ठेवलं. तेही सर्व वयांसाठी योग्य!

१० मार्च, सोमवार

कात्रीवाल्याकडे तो तुकडा मागितला. "रोज आठ-दहा मरणं फेकतो साहेब. परत मागायला आलेले तुम्ही पहिलेच." पण ठेवला होता त्याने. हा एकच ठेवला होता, म्हणाला.

मॅडमना सांगितलं, हत्तींचा शेरा चुकलाय, तुकडा परत लावा. "तक्त्याप्रमाणे बरोबर आहे ना? मग चुकला कसा?" आता वरच्यांना विचारणार आहेत. वरचे माझ्यासारखेच असतील.

११ मार्च, मंगळवार

कामावरून लवकर निघून चिमणीला शेजारी बसवलं आणि सव्वाचार मिनिटं दाखवली. न थांबवता. ती रडली नाही. रडलो मी. तिने पडद्यावरची नजर न काढता माझ्या पाठीवरून हात फिरवला.

"थांबल्या होत्या म्हणजे," म्हणाली.

सगळं सांगितलं — आत्या, आंघोळ, दवाखाना. फार चिडली. एवढंच विचारलं, "मग आपण का नाही थांबलो?"

१२ मार्च, बुधवार

दहा मिनिटांची चाळीस झाली. नळ्यांकडे तिने एकदा पाहिलं, पुन्हा नाही. शाळेतलं कायकाय सांगत राहिली. आई डोळे मिटून ऐकत होती. निघताना चिमणीने आजीचा गाल चाचपला, अगदी सावकाश. आईने डोळे उघडले. "आलीस होय गं," एवढंच म्हणाली.

मी भिंतीकडे तोंड करून उभा. मोठ्या माणसांसाठीही एक तक्ता हवा.

१५ मार्च, शनिवार

आई सकाळी गेली. आम्ही तिघंही जवळ होतो. सिस्टर हळूच म्हणाली, अर्धा तास थांबू शकता. चिमणी म्हणाली, "त्यांना तीन दिवस दिले होते." सिस्टरने दार लोटून घेतलं. आम्ही थांबलो. किती वेळ, ते टिपलं नाही.