बिनकुलरचा उन्हाळा

१४ एप्रिल
कुलर गेला! यंदा लावलाच नव्हता, नुसता कोपऱ्यात उभा होता. जीवनने सकाळी ऑटोत घालून नेला आणि अंगणवाडीला देऊन टाकला म्हणाला. नवरा असावा तर असा. वीज वाचवायची म्हणून या उन्हाळ्यात कुलर नाही असं मी महिला गटात बोलून बसले होते, घरचे साथ देतील की नाही याची धाकधूक होती. सासूबाईंना विचारलं — बंजारा बोलीत आई म्हणजे याडी, मीही जीवनसारखं तिला याडीच म्हणते. ती म्हणाली, "मले काय होते? तांड्यात कुठी होता कुलर?"

२ मे
दारव्हा गाव नुसतं तापलंय. खिडक्यांना ओली पोती, पत्र्यावर भांडी धुतलेलं पाणी. पंखा एकच, तिघांत. पाठभर घामोळं.

९ मे
गटाची सभा. गटाच्या अध्यक्ष इंदुताईंनी मला उभं केलं. "संगीताबाईच्या घरी पाहा, म्हातारी सासू हाये, तरी कुलर नाही." टाळ्या! मीही बोलले — घरोघरी कुलर-एसी आवरले तर तेवढा कोळसा कमी जळेल. आणि सांगितलं, आमची याडी कधी कुरकुरत नाही. घरी येईपर्यंत पाय जमिनीवर नव्हते.

१३ मे
महिनाभरापासून याडीचे गुडघे दुखतात. जीवन रोज दुपारी तिला स्कूटरवर दवाखान्यात शेक घ्यायला नेतो. या उन्हात शेक! पण संध्याकाळी येते ती टवटवीत.

१७ मे
याडीचं लुगडं धुवायला घेतलं तर पदराला ओल्या वाळ्याचा वास. कुलरच्या ताट्यांना येतो तोच. जीवनला विचारलं.
"दवाखान्यात कुलर असन," म्हणाला. माझ्याकडे न बघता.

१९ मे
राहवेना. दुपारी जीवनच्या दुकानात गेले. पुढे पंपा-पंख्यांच्या जळलेल्या मोटारी बांधायचं काम, मागे एक खोली. त्या खोलीत आमचा कुलर भरभरून चालू. समोर खाटेवर याडी गाढ झोपलेली. जीवन स्टुलावर बसून डबा खात होता, त्याचा घास हातातच राहिला. अंगणवाडी नाही, शेक नाही, काही नाही. मी दारातूनच परत फिरले.

खूप रडले. राग कुलरचा नाही. यांच्या भरवशावर मी गल्लीभर बोलत फिरले. घरातली दोन माणसं ठरवून रोज मला खोटं सांगत होती — आणि संध्याकाळी माझ्याच शेजारी, त्याच पंख्याखाली बसून "किती गरमी हाये वं" म्हणत होती! बाहेरच्यांनी फसवलं असतं तर इतकं लागलं नसतं.

२० मे
जीवनशी बोलले नाही. इंदुताईंचा फोन आला, उचलला नाही. काय तोंड दाखवू?

२१ मे
आज याडीच बोलली. कुलर नेला त्याच्या आदल्या दिवशी मी गटाची पत्रकं वाटायला गेले होते, तेव्हा ती मोरीत चक्कर येऊन पडली होती. डॉक्टर जीवनला म्हणाले, उन्हापासून जपा, नाहीतर म्हातारी हाती लागायची नाही.
"मले काहून नाही सांगितलं?"
"सांगतलं असतं तं तू म्हनली असती, ओलं फडकं डोक्यावर ठेवा."
मी तेच म्हणाले असते.