वॉर्डाचे लाडू

देवास, चैत्र

प्रिय आरोही,

देवासला तुझी एक आजी आहे. माई म्हणतात तिला. उंचीने बुटकी, जिभेने लांब. आठवली का? नसेल तर अल्पनाने खाली माझा फोन नंबर टाकलाय. ही अल्पना म्हणजे समोरच्या शाळेतली मास्तरीण. मी बोलतेय, ती लिहितेय. हिंदी शाळेने तुझं मराठी किती शिल्लक ठेवलंय ते मला ठाऊक आहे, म्हणून अक्षर मोठं काढ म्हटलंय तिला.

तू तिथे परदेशात पार्षद व्हायला निवडणुकीला उभी राहिलीस म्हटल्यावर मी टेकडीवरच्या दोन्ही देवींना नारळ फोडले. घरी आल्यावर विचार करत बसले, की नेमके कशासाठी फोडले? तू तीनदा समजावलंस, तरी डोक्यात गुंताच आहे. घरचा कचरा उचलणार ती जिल्ह्याची कचेरी, म्हणजे तुझी. पण उचललेल्याचं पुढे काय करायचं ते तिच्यावरची मोठी कचेरी ठरवणार. रस्त्यातले खड्डे मोठीचे, बाकडी गावाच्या कचेरीची. मेयरच्या गळ्यात साखळी, पण तो स्वतः खड्ड्यात पडला तरी खड्डा बुजवायचा हुकूम त्याला देता येत नाही. आणि जिल्ह्याच्या नावाचं गावच नाही म्हणतेस! अगं, देवास जिल्ह्यात देवास आहे, धार जिल्ह्यात धार आहे. तुमची पाच बाजाराची गावं, सगळी धाकटी, थोरलं एकही नाही. मग कलेक्टर बसतो कुठे? माझे सासरे देवासच्या थोरल्या पातीच्या, म्हणजे थोरल्या राजाच्या, नोकरीत होते. एका गावात दोन राजे, दोन कचेऱ्या; तेवढं आम्हाला कळायचं. मला वाटलं, तुझंही कळेल.

जेवढं कळलं तेवढं केलं. आपले गणोजीकाका वॉर्डातून उभे राहिले तेव्हा चौकात रोज सकाळी पोहे-जलेबी होती. उपाशी माणसाकडे मत कसं मागायचं? म्हणून मी खोकाभर बेसनाचे लाडू आणि शेव धाडली, घरोघरी वाट म्हणून. तर तुझा घाबरलेला फोन, की माई, इथे मतासाठी खाऊ घातलं तर गुन्हा आहे! लाडवाचा गुन्हा! तेव्हापासून ही अल्पना मला मुजरिम म्हणते. आता हसतेय, पण लिही म्हटलं.

आणि मग तू सहज बोलून गेलीस, की दोन वर्षांत ती जिल्ह्याची कचेरीच बंद होऊन मोठीत मिसळणार. आमच्या दोन्ही पात्या विलीन झाल्या, तशीच. म्हणजे ज्या खुर्चीसाठी तू पावसात दारं वाजवत फिरतेस, ती खुर्चीच राहणार नाही. खरं सांगू? मला आनंद झाला. खुर्ची गेली की पोरगी घरी येईल, असं मनात आलं. पण तू तर तावातावाने सांगत होतीस, की बाजारातलं शौचालय बंद करताहेत, म्हाताऱ्या बाया बाजारालाच येईनाशा झाल्यात, कचेरी आहे तोवर कुणीतरी भांडायला नको का. एकेकीचं नाव घेत होतीस, शेजारच्या आत्या-मावश्यांचं घ्यावं तसं. मी फोन कानाला लावून गप्प बसले. तुला वाटलं, लाइन गेली.

लाइन गेली नव्हती, बाई. दोन वर्षांत येते म्हणून गेलीस, त्याला सहा झाली. दर वेळी फोन ठेवताना ‘पुढच्या वर्षी नक्की’ म्हणतेस, आणि मीही ‘बरं’ म्हणते. ते आता म्हणू नकोस, एवढं सांगायलाच हे पत्र. तिथली म्हणून उभी आहेस, तर पुरती तिथली होऊन उभी राहा. तुझ्या खोलीत मी पापड वाळत घातलेत. भेटायला ये, राहायला येईन म्हणू नकोस. लाडू निकालानंतर वाट, हरलीस तरी. आजवर डबा घरून तुला यायचा. आता घर तुझं तिकडे, तेव्हा डबा तिकडून येऊ दे. परसात ती लाल आंबट देठं येतात म्हणालीस ना, त्यांचा मुरंबा एक बरणी पाठव. तुझ्या हातचा. साखर कमी घाल.

तुझीच,
माई